न्यूरॉनना धागे इन्सुलिनच्या रिसेप्टरमुळे फुटतायत की आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखं वाढीचं प्रथिन) च्या रिसेप्टरमुळे? मदत हवी आहे

एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, परळच्या लॅबमध्ये कोंबडीच्या भ्रूणातले डीआरजी न्यूरॉन (पाठीच्या कण्यालगतच्या गाठींतल्या संवेदी चेतापेशी) वाढवतोय, लॅमिनिन या प्रथिनाच्या थरावर, सीरम (रक्तद्रव) नाही. एनजीएफ (चेतापेशी वाढवणारं प्रथिन) दिलं की झकास लांब धागे येतात, पण नुसत्या एन-२ सप्लिमेंटच्या (सीरमऐवजी घालायचं तयार मिश्रण) कंट्रोलमध्येही आखूड खुंट दिसतायत!! एन-२ मध्ये इन्सुलिन मिलीला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ८६० नॅनोमोलर, रक्तातल्यापेक्षा प्रचंड जास्त, आणि एवढ्या डोसला ते आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही चिकटतं हे माहितीये. कोटिंग बदललं, बॅच बदलली, सेमच. इन्सुलिन पूर्ण काढलं तर पेशी दोन दिवसांत गोल होऊन सुटतात. आयजीएफ-१ चा रिसेप्टर बंद करणारा महागडा इनहिबिटर परवडणार नाही, गाईडनी आधीच हात वर केलेत. मग इन्सुलिन किती नॅनोमोलरवर आणलं तर फक्त इन्सुलिन रिसेप्टरच चालेल आणि पेशीही जगतील?