‘डेटा कॉल प्रोटोकॉल’ मराठीत कसं लिहावं?

डिचोलीहून प्रश्न:
जुन्या दूरसंचार यंत्रांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी माहितीपत्रकं लिहितोय. आयएसडीएन म्हणजे जुन्या डिजिटल टेलिफोन लाइनला संगणक जोडायच्या एका टर्मिनल अडॅप्टरच्या मेनूत ‘डेटा कॉल प्रोटोकॉल’ असं सेटिंग आहे आणि त्याखाली व्ही.११०, व्ही.१२०, सिंक पीपीपी असे पर्याय. मी ‘विदा-कॉल शिष्टाचार’ लिहिलं, तर बरोबरचे हसायला लागले. दुसरा शब्द सुचवा.

म्हापशाहून:
हसणारच. शिष्टाचार म्हटलं की मंत्र्याच्या उजव्या हाताला कोण बसणार ते आठवतं. त्याला राजशिष्टाचार म्हणतात आणि तो तिथेच बरा. ‘संकेत’ घ्या. ‘संकेत पाळणे’ सगळ्यांना कळतं. ‘विदा’ही सोडा, ‘डेटा’ आता मासळीवालीसुद्धा म्हणते.

मडगावहून:
टेलिफोन खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, ‘संकेत’ इथे नडेल. बीआरआय म्हणजे घरी-दुकानी यायची ती साधी आयएसडीएन लाइन. तिच्यात ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनेल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनेल. नंबर फिरवणं, घंटी वाजवणं, कॉल तोडणं ही सगळी निरोपानिरोपी डी चॅनेलवरून क्यू.९३१ या ठरलेल्या नियमांप्रमाणे चालते. आम्ही तिला सिग्नलिंग म्हणायचो, मराठीत कोणी लिहिलंच तर ‘संकेतन’. तुमचं सेटिंग मात्र बी चॅनेलचं आहे, म्हणजे कॉल लागल्यावर आत काय वाहणार त्याचं. दोन्हीकडे ‘संकेत’ आला की वाचणारा भलत्याच चॅनेलवर जाऊन बसणार.

हे सेटिंग करतं काय, तेही ऐका. बी चॅनेल कायम ६४ हजारांनीच धावतो. तुमचा संगणक ९६०० ने बोलत असेल तर उरलेली जागा भरावी लागते. व्ही.११० ठरलेल्या चौकटीत भरीचे बिट घालून पायरीपायरीने वेग ६४ पर्यंत नेतो. व्ही.१२० मजकुराच्या फ्रेम, म्हणजे गठ्ठे, बांधून पाठवतो आणि त्यात चुकलेली फ्रेम परत मागवायची सोय असते. सिंक पीपीपीत भर घालण्याचा प्रश्नच नाही, एचडीएलसी नावाच्या पद्धतीच्या फ्रेम सरळ ६४ ने जातात. इंटरनेटसाठी बहुतेक तेच लागायचं.

साधे मोडेम शिट्ट्या मारत एकमेकांचा वेग आजमावतात. आयएसडीएनवर तसली शिट्टी नाही. व्ही.११० की व्ही.१२०, हे कॉल मांडण्याच्या निरोपात सांगता येतं, पण पलीकडच्या यंत्राने ते वाचून तसं वागलं पाहिजे. एकीकडे व्ही.१२० आणि दुसरीकडे पीपीपी ठेवलं तर कॉल लागतो, मीटर पडत राहतो आणि पडद्यावर काहीच येत नाही, किंवा नुसता कचरा येतो. ग्राहक म्हणणार लाइन खराब. लाइन ठणठणीत असायची!

फोंड्याहून:
मडगावच्या बाबांनी सांगितलं ते वाचून मला ‘बोली’ आठवली. गवंड्याशी, मंडपवाल्याशी आपण आधी बोली करतो ना? बोलीत नसलेलं मग कोणी मागत नाही. दोन यंत्रांनी आधी ठरवून घ्यायचं तेही हेच. शिवाय बोली म्हणजे भाषाही.

पेडण्याहून:
शब्द गोड आहे, पण बोली लिलावातही लावतात.

फोंड्याहून:
पुण्यात लावत असतील. आमच्या देवळात लिलावाला पावणी म्हणतात.

म्हापशाहून:
हे मान्य. तरी मेनूच्या नावात ‘बोली’ नको. यंत्रावर इंग्रजीत प्रोटोकॉल छापलेलं दिसणार आणि पत्रकावर भलतंच, मग माणूस बटण शोधत बसेल. नाव जसंच्या तसं ठेवून खाली अर्थ द्यावा.

मडगावहून:
बरोबर. आणि वेगाचा ५६/६४ असा पर्याय दिसला तर तो या यादीत मिसळू नका. अमेरिकेतल्या जुन्या जाळ्यात काही ठिकाणी सिग्नलिंगसाठी चॅनेलमधलाच बिट चोरला जायचा, म्हणून तिथे ५६. आपल्याकडे ६४च.

डिचोलीहून:
मग असं लिहितो: ‘डेटा कॉल प्रोटोकॉल: कॉल लागल्यावर दोन्ही टोकांची यंत्रं कोणत्या बोलीने मजकूर पाठवणार ते इथे ठरवतात. दोन्हीकडे एकच पर्याय हवा.’ आता याच मेनूत ‘बेअरर’ आहे. शब्दकोश ‘वाहक’ म्हणतो.

पेडण्याहून:
वाहक कदंबच्या बसमध्ये तिकीट फाडतो.

मडगावहून:
त्यात तुमच्याकडे पर्याय कोणते दिसतात? बोलणं, ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ आणि निर्बंध नसलेला डिजिटल, असे तीन असतील तर सरळ ‘कॉलचा प्रकार’ लिहा. डेटासाठी तिसरा.