गावाकडं चला म्हणणाऱ्यांनो, आधी डीपीचं बोला

मांजराकाठचा: काल इथं एका भावानं लिहिलं, 'पुणं सोडा, गावात या. खर्च निम्मा, हवा फुकट, काम लॅपटॉपवर.' वाचून डोकंच उठलं. हडपसरहून लेकराबाळांसकट गावात आलोय म्हणून सांगतो. ऐन पावसाळ्यात डीपी, म्हणजे गावाचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मीटिंग सोडा, मोबाइलबी चार्ज होत नाही. दुसरी आणायची तर गावाची वर्गणी, ट्रॅक्टर आपलाच, डिझेल आपलंच. आईला रात्री धाप लागली तवा डॉक्टर लातुरात अन् आमच्या ओढ्याला पूर. इन्व्हर्टर, बोअर, पोरीच्या शाळेची व्हॅन धरा अन् मग निम्म्याचा हिशोब मांडा. बरं, पैशाचंबी सोडा. तिकडं बिल भरलं की काम होतं. इथं प्रत्येक कामाला कुणाची तरी मर्जी लागते.

एमएच23वाला: उगं रडू नका. वाघोलीत माझा भाऊ राहतो, उन्हाळाभर टँकरच. अन् 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती लातूर शहरासाठी, खेड्यासाठी नाही. तहानलेलं शहर होतं, दादा.

मांजराकाठचा: बरोबर! शहराला रेल्वे, अन् आमच्या काकाचा बोअर अधिग्रहणात. माझंच म्हणणं मांडलंस, आभारी आहे.

निलंग्याची सून: तुम्ही डीपीवर भांडा. मी पुण्यात नोकरी करत होते. इथं स्कूटीवर एकटी तालुक्याला जाऊन आले की घरी पोहोचायच्या आत सासूबाईंना विचारणा, 'सून कुठं गेलती?' ताज्या हवेच्या पोस्टी पुरुषच का लिहितात, हे एकदा बघा.

बांधकरी_धाराशिव: मर्जीचं सोळा आणे खरं. आमची पाणंद, शेतात जायची वाट, नकाशावर आहे, चुलतभावानं नांगरून टाकली. मळणीयंत्र शेतात जाईना, सोयाबीनची गंजी पावसात काळी पडली. 2025-26 चा 5328 हमीभाव घेऊन काय चाटायचा?

एमएच23वाला: तहसीलला जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली अर्ज टाका की. घरी बसून रस्ता मिळतो व्हय?

बांधकरी_धाराशिव: 143 नव्या रस्त्याला असतं, शहाण्या! वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. तेबी सहा महिन्यांच्या आत. माहीत नाही तर लेकाच्या, पाजळू नको.

एमएच23वाला: लेकाच्या कुणाला म्हणायलास? एवढा कायदा पाठ आहे तर रस्ता का मोकळा होईना?

बांधकरी_धाराशिव: आदेश झालाय, खिशात आहे. मोकळा करायला आले तर त्यानं बायकामाणसं आडवी झोपवली. पोलीस बंदोबस्त मागितला की तारीख पडायली. वडील त्या चुलत्याच्या मयताला गेले नाहीत या पायी. तू सांग आता कलम.

निलंग्याची सून: विषय गावात राहायचा होता का बांधाचा?

एमएच23वाला: ताई, मयताचं वाचून बोलवंना मला. बरं, पाणंदीचं मान्य. डीपीचंबी मान्य, वर्गणी मीबी भरलीय. पण पुण्यात तरी शेजारी ओळखतो का? माझ्या बापाला साप चावला तवा रात्री पाचजण गाड्या घेऊन आले.

मांजराकाठचा: आले असतील, नाही म्हणत नाही. त्यातल्याच एकाची पुढं उसनवारी फेडत बसला असशील.

एमएच23वाला: …त्याला सरपंचकीला मत द्यावं लागलं. दिलं.

किल्लारीकडचा: भांडण झालं असल तर ते 1906 वाल्या अर्जाचा नमुना टाका कुणीतरी. आमच्याकडंबी एकानं परवा नांगर घातलाय, सहा महिने आत्ताच सुरू झालेत.