सत्यशोधक पद्धतीनं लग्न: विधी काय, नोंदणी कुठे?

रानपाखरू: भटजीविना लग्न करायचं ठरतंय. दोघंही देव मानतो, पण त्याच्या आणि आपल्या मध्ये दलाल नको. घरचे म्हणतात, सप्तपदी नाही तर लग्न कायद्यात टिकत नाही. खरंय का?

कागदी घोडा: निम्मं खरं आहे. हिंदू विवाह कायद्यात एका तरी पक्षाकडचे रूढ विधी व्हावे लागतात; ते न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तामिळनाडूनं भटजीविना होणाऱ्या 'स्वाभिमान विवाहा'साठी वेगळं कलम घातलं, आपल्याकडे ते नाही.

म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४. तुमच्यापैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून ३ महिने उलटले की सगळं पहिल्यापासून. हॉल आधी आणि नोटीस मागाहून, इथंच गाडी अडते. गंमत म्हणजे विधी कोणताही चालतो. फक्त अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, समजेल त्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं बोलायचं. जादा शुल्क भरलं तर अधिकारी जवळच्या हॉलवरही येऊ शकतात.

रानपाखरू: नोटीस बघून काका हरकत घेतील. त्याचं काय?

कागदी घोडा: घेऊ देत. वय (मुलगा २१, मुलगी १८), आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं, एवढीच कारणं चालतात. जात किंवा 'आम्हाला पसंत नाही' यात बसत नाही. दोघं हिंदू असाल तर वारसाहक्कही बदलत नाही.

साधी माळ: विधीचं सांगते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हापासूनची ही रीत. त्यांची मंगलाष्टकं वधूवरांनी स्वतः म्हणायची: ती स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते, तो घेतो. म्हणजे नवरीच्या हातात माईक हवा, आणि जुनी मराठी असल्यानं आठवडाभर आधी मोठ्यानं वाचून अर्थ लावायचा. नाहीतर ऐनवेळी ती पुटपुटते, साउंडवाला सवयीनं रेकॉर्ड लावतो आणि मुद्दाच बुडतो. कन्यादान नाही, मुहूर्त नाही. तांदळाऐवजी पाकळ्या टाकल्या तरी छान.

हळद, मेंदी खुशाल करा, त्याला भटजी लागतोच कुठे? पण 'सकाळी गुपचूप छोटासा होम उरकू' याला आधीच नाही म्हणा. मांडवात नाही म्हणणं फार जड जातं.