घरूनच काम करायचं, तर पन्नासाव्या मजल्यावर राहायचं कशाला?

उंबरठा:

शहराच्या ऐन मध्यावर आलिशान टॉवर उभे राहणं काही थांबलेलं नाही. त्यातल्या घरांना एवढा भाव का, असं विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळायचं: ऑफिस जवळ. आता ऑफिसच आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलंय, काहींचं तर कायमचं सुटलंय. मग जवळ म्हणजे कशाच्या जवळ? माझं मत सरळ सांगतो. यातले बरेचसे टॉवर राहण्यासाठी नाहीत, पैसा ठेवण्यासाठी बांधले जातात. घरून काम सुरू झाल्यावर हे लपून राहिलं नाही, एवढंच.

न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क अव्हेन्यूचं उदाहरण घ्या. २०१५ साली पूर्ण झालेली, ४२६ मीटर उंच, काडीसारखी सडपातळ इमारत. वारा आरपार जावा म्हणून दर बारा मजल्यांवर दोन मजले मोकळे सोडलेत. तरीही २०२१ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या मंडळाने विकासकावर दावा ठोकला. तक्रारी काय, तर पाणी गळतं, लिफ्ट अडकतात, वारा सुटला की आवाज येतात. वर्षातून पंधरा दिवस डोकावणाऱ्या मालकाला या आवाजाचं काय? दिवसाचे नऊ तास तिथेच बसून काम करणाऱ्याला विचारा.

मी अडीच वर्षं एकतिसाव्या मजल्यावर भाड्याने राहून घरून काम केलं. जमिनीपासून छतापर्यंत काच. खिडकी उघडायची ती जेमतेम चार बोटं. दुपारी दोननंतर ऊन थेट स्क्रीनवर यायचं, मग पडदे ओढून, दिवे लावून बसायचो. ज्या देखाव्यासाठी भाडं मोजत होतो तो पडद्याच्या पलीकडे. दार लावून फोनवर बोलता येईल अशी एक छोटी खोली मात्र अख्ख्या घरात नव्हती. प्रशस्त हॉल, प्रशस्त बेडरूम. राहणारा दिवसभर बाहेर असणार हे नकाशा काढणाऱ्याने गृहीतच धरलेलं. शेवटी मी कपड्यांच्या खोलीत टेबल टाकलं. आलिशान घरात, खिडकी नसलेल्या जागेत, सहा बाय सात फुटांत.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावला, आधी १ टक्का, पुढे ३ टक्के. तसा कर प्रत्येक मोठ्या शहराने लावावा. आणि नवे टॉवर थांबवून ओस पडलेल्या ऑफिसांची घरं करावीत.

चौकातला:

पूर्ण असहमत. शहरात माणूस फक्त ऑफिससाठी राहतो हे गृहीतकच चुकलंय. दवाखाना, नाटक, शाळा, मित्र हे सगळं पायी गाठता येणं याचीही किंमत असते, आणि घरून काम करणाऱ्याला तर ती जास्तच लागते, कारण दिवसभर एकटा बसलेला माणूस संध्याकाळी खाली उतरून माणसांत जाऊ पाहतो.

दुसरं, उंची हा नुसता डौल नाही. लिफ्ट येण्याआधी वरचे मजले गरिबांचे असायचे, जिने चढायला नकोत म्हणून श्रीमंत खाली राहायचे. लिफ्टने हे उलटं केलं. न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली पहिली प्रवासी लिफ्ट बसली, १८८५ मध्ये शिकागोत धातूच्या सांगाड्यावरची दहा मजली इमारत झाली, आणि थोड्या जमिनीवर खूप माणसं राहू शकतात हे जगाला कळलं. तेवढीच माणसं बंगल्यांत पसरवा, मग बघा किती शेतं आणि झाडं जातात. घरून काम म्हणून शहराबाहेर मोठं घर घेणारे सगळे गाडीनेच हिंडतात, हे कुणी का बोलत नाही?

शिवाय ऑफिस संपलं म्हणणं घाईचं आहे. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांना पाचही दिवस बोलावलं. जेपी मॉर्गन या बँकेनेही त्याच वर्षी तेच केलं आणि न्यूयॉर्कमध्ये साठ मजल्यांचं नवं मुख्यालय उघडलं.

उंबरठा:

आणि एचएसबीसी बँकेने २०२३ मध्ये जाहीर केलं की लंडनच्या कॅनरी वॉर्फमधला पंचेचाळीस मजली टॉवर सोडून आपण छोट्या जागेत जाणार. एकाने बांधलं, दुसऱ्याने सोडलं. दाट वस्तीला माझा विरोध नाहीच. सात-आठ मजल्यांतही वस्ती दाट होते, आणि त्यात दिवे लागलेले दिसतात.

नळजोडणी:

पंधरा वर्षं इमारतींच्या पाणी-ड्रेनेजच्या कामात आहे, म्हणून ‘ऑफिसांची घरं करा’ या एका वाक्यावर थांबतो. बोलायला सोपं आहे हो.

ऑफिसच्या एका मजल्यावर बाथरूम कुठे असतात? मधोमध, लिफ्टच्या पाठीला, एका गठ्ठ्यात. तिथे दहा फ्लॅट काढायचे तर दहा स्वयंपाकघरं आणि पंधरा-वीस बाथरूम हवीत, आणि ती मजलाभर विखुरलेली. प्रत्येकाचा मैल्याचा पाइप खाली न्यायचा म्हणजे प्रत्येक स्लॅबला भोक. पाइप आडवा फार लांब नेता येत नाही, कारण त्याला उतार द्यावा लागतो आणि तो उतार खालच्या घराचं छत खातो. भोक पाडायला गेलं की खाली बीम निघतो. बीमला हात लावायचा नाही, म्हणजे बाथरूम सरकलं. बाथरूम सरकलं की बेडरूमचा आकार बिघडला. असं प्रत्येक मजल्यावर.

त्याहून मोठी अडचण उजेडाची. ऑफिसचा मजला खोल असतो, खिडकीपासून मधल्या भिंतीपर्यंत बारा-पंधरा मीटर सहज. घरात एवढ्या आत उजेड पोचत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात २५ वॉटर स्ट्रीट या जुन्या ऑफिस इमारतीत सुमारे १,३०० घरं केली, पण त्यासाठी इमारतीच्या पोटातून उजेडाचे चौक कोरून काढावे लागले. ते परवडतं कुणाला, तर पुन्हा बहुतेक महागडं भाडं देणाऱ्यालाच. त्यामुळे उंबरठा, तुमची दुसरी मागणी पुरी झाली तरी त्यातून आलिशान घरंच बाहेर पडतील.

दुपारपाळी:

दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते.

मी एका ऑफिस टॉवरच्या सफाईची देखरेख करायचे. माझ्या हाताखाली बावीस बायका. ऑफिस आठवड्यातून दोन दिवसांवर आलं तेव्हा कंत्राटदाराने नऊच ठेवल्या. उरलेल्या तेरा जणींना ‘घरून काम’ कुणी दिलं? मी शेवटचे काही महिने रात्रपाळीला होते. चाळीस मजल्यांची इमारत, एसी चालू, लिफ्ट चालू, आणि कचऱ्याच्या डब्यांत काही नाही. कोरड्या टेबलांवरून फडकं फिरवायचं. एका टेबलावर कुणाचा तरी कप तसाच होता, तळाशी चहा वाळलेला. मालक येईल म्हणून मी तो चार महिने फेकला नाही.

घरून काम चांगलं की वाईट, मला सांगता येणार नाही. पण ही सवलत ज्यांना मिळाली त्यांनी हिशोब करताना आम्हालाही धरावं.

नवीभरती:

ताईंशी सहमत, आणि माझंही दुःख जोडते. नोकरीचं पहिलं वर्ष मी पूर्ण घरून केलं. शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो हे कानावर पडणं, यातूनच धंदा शिकतात. मला ते मिळालं नाही. ज्यांची कारकीर्द उभी राहिलीये, घर मोठं आहे, त्यांना घरून काम गोड लागतं.

उंबरठा:

तुमचं म्हणणं मान्य, पण पूर्ण घरून आणि थोडं घरून यात फरक करायला हवा. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत सोळाशेवर कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, २०२४ मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. दोन दिवस घरून काम दिल्यावर कामाचा दर्जा घसरला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं. तीन दिवस शेजारच्या टेबलाचे, दोन दिवस घरचे, यात तुमचं शिकणंही होईल.

दुपारपाळी, तुमचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता, याची लाज वाटते. रिकाम्या घरांच्या कराचा पैसा आधी कुणासाठी वापरावा, हे मला आज कळलं.

नळजोडणी, एक विचारतो. सगळीच ऑफिसं अशी खोल असतात का? की काही सहज घरं होण्यासारखी असतात?

नळजोडणी:

असतात. ऑफिसांत एसी पोचण्याआधी बांधलेल्या जुन्या इमारती बघा. तेव्हा हवा-उजेडासाठी खिडकी लागायचीच, म्हणून मजले अरुंद ठेवायचे आणि खिडक्या खऱ्याखुऱ्या उघडायच्या. त्यांची घरं पटकन होतात, खर्चही आटोक्यात राहतो. चकचकीत काचेचे टॉवर सोडून द्या. एखादी जुनी, धुळकट, आठ-दहा मजली इमारत शोधा, आत जाऊन खिडकीपासून लिफ्टच्या भिंतीपर्यंत टेप लावा. आठ मीटरच्या आत भरलं तर मला कळवा, मी येतो बघायला.