विषय: बेसमेंटात वायफाय रखडतंय, शनिवारच्या आत उपाय हवा

प्रेषक: कार्यवाह
मंडळी, शनिवारी माझ्या बेसमेंटात टीव्हीवर मंडळाला नाटक दाखवायचंय, म्हणून काल तिथे चाचणी घेतली. नाटक लावलं की चित्र गोठतं आणि ते गोल फिरत बसतं. वर राउटरशेजारी फोनवर ३०० एमबीपीएसचा वेग मिळतो, खाली टीव्हीवर जेमतेम ८. जिन्याखाली एक्स्टेंडर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) आहे, त्याचे दिवे हिरवेच आहेत. गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) प्लॅन घ्यावा का? मंडळाने निम्मे पैसे द्यावेत असं मला वाटतं.

प्रेषक: खजिनदार
प्लॅनला हात लावू नका. फोर-केला फार तर २५ लागतात, एचडीला ५-७ पुरतात. वर ३०० येतात म्हणजे लाइन ठणठणीत आहे, अडतंय ते घरातच. तुमच्या फर्नेसचे (घर तापवणाऱ्या यंत्राचे) पत्र्याचे डक्ट नेमके मध्ये येऊन सिग्नल अडवतात. शिवाय जिन्याखाली मुळात सिग्नलच क्षीण, मग एक्स्टेंडर पुढे काय पाठवणार? त्यातून घेणं-देणं एकाच रेडिओवर असेल तर वेग आणखी निम्मा. जिन्याच्या वरच्या टोकाला लावून बघा. खर्चाचं बैठकीत बोलू.

प्रेषक: तांत्रिक समिती
आधी समितीला विचारायला हवं होतं. ऑनलाइन आरतीची सगळी जोडणी आम्हीच केली होती. टीव्ही वायफायच्या कुठल्या बँडवर आहे, २.४ गिगाहर्ट्झ की ५, ते कळवा. २.४ भिंतीतून जातो, पण टाउनहाउसच्या ओळीत सगळा शेजार त्यावरच असतो आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६, ११. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. आमच्याकडे सासूबाई दूध गरम करायला लागल्या की बाबांचं कीर्तन अडकायचं. टीव्ही ५ वर घेतला, तेव्हापासून सुरळीत.

प्रेषक: एक सभासद
मायक्रोवेव्हवरून आठवलं, शनिवारी वडे खाली गरम करायचे नाहीत. वरच्या ओव्हनमध्ये करा, कुरकुरीतही राहतात. मागच्या वेळी लिबलिबीत झाले होते.

प्रेषक: एडिसनचे काका
कार्यवाह, टीव्हीमागच्या भिंतीत जुन्या केबल टीव्हीचं गोल टोक आहे ना? मग हवेच्या भानगडीत पडूच नका. मोका अडॅप्टरची (केबल टीव्हीच्या वायरमधून इंटरनेट नेणाऱ्या डब्यांची) जोडी घ्या: एक राउटरपाशी, एक टीव्हीपाशी, मधली वायर भिंतीत आहेच. टीव्हीचं लॅनचं (इंटरनेटच्या वायरचं) तोंड बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, तरी नाटकाला रग्गड. मात्र स्प्लिटर (केबलच्या वायरला फाटे फोडणारा जोड) बघा. त्यावर ५-१००० मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर बदला, मोका १६७५ पर्यंत जातं. आणि वायर घरात शिरते तिथे पीओई (पॉइंट ऑफ एन्ट्री) फिल्टर लावा, नाहीतर आपला सिग्नल शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. त्या वायरवर सॅटेलाइट डिश असेल तर मात्र हा उपाय नको. माझ्याकडे जादा जोडी आहे, न्यायला या.

प्रेषक: कार्यवाह
काका, डिश नाही. आत्ता राउटरपासून जिन्यावरून लांब लॅन वायर टाकून बघितली. फोर-के एकदाही अडकलं नाही, म्हणजे खजिनदार म्हणतात तेच खरं. ती वायर तशीच ठेवता येणार नाही, आजी-आजोबा मंडळी जिन्यावरून उतरणार. स्प्लिटरवर ५-१००० च लिहिलंय. १६७५ चा स्प्लिटर आणि फिल्टर कुणाकडे पडून आहे का? उद्या संध्याकाळी काकांकडे जाताना घेऊन जाईन.