मेडिकल स्कूलच्या अर्जात अजून न छापलेले पेपर दाखवायचे का?

एडिसनकरीण:
नमस्कार मंडळी, अमेरिकेत मेडिकलच्या अर्जातनं कोणी स्वतः गेलं असेल किंवा कोणाची मुलं गेली असतील तर जरा मदत हवीये. माझी लेक न्यू जर्सीत बायोलॉजी करते, आता मेमध्ये अॅमकॅस (मेडिकल स्कूल्सचा एकत्र ऑनलाइन अर्ज) उघडला की भरायला बसणार. सोफोमोर (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला) असल्यापासून एका लॅबमध्ये जाते, झीब्राफिशवर काहीतरी काम आहे, त्यापुढचं मला विचारू नका, मी बँकेतली. तर तिचं नाव असलेला एक पेपर जर्नलला पाठवलाय, रिव्ह्यूत अडकलाय, नावांमध्ये ही चौथी. दुसरा पेपर अजून लिहून व्हायचाय, त्यात पीआय (लॅबचे प्रमुख) म्हणालेत की तुझं नाव दुसरं घालू. एक पोस्टर युनिव्हर्सिटीच्याच रिसर्च डेला लावलं होतं. छापून आलेलं म्हणाल तर शून्य.

आता माझ्या दिरांचा मुलगा पुण्याला एमबीबीएस करून इकडे रेसिडेन्सीला लागलाय, तो म्हणतो काकू बिनधास्त सगळे पब्लिकेशन्समध्ये टाका, पुढे सबमिटेड लिहिलं की झालं, आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. लेक म्हणते हे खोटं आहे, मी एकही पेपर लिहिणार नाही. दोघांची फोनवर जुंपली आणि आता बोलणं बंद. मला भीती ही की ज्या मुलांचे पेपर छापून आलेत त्यांच्यापुढे हिची एवढी मेहनत दिसणारच नाही. काय करावं?

पेट्रीडिश:
ताई, मी आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अर्ज भरला तेव्हा माझं पण एकही छापून आलेलं नव्हतं. पब्लिकेशन्सच्या रकान्यात हे दोन्ही पेपर नको, पण म्हणून एकही लिहायचा नाही हा हट्ट पण नको. अॅमकॅसमध्ये कामांसाठी एकूण 15 जागा असतात आणि प्रत्येकीला स्पेस धरून 700 अक्षरं. त्यातली एक जागा रिसर्चची घ्यायची, लॅबमध्ये हिने स्वतःच्या हाताने काय केलं ते लिहायचं आणि शेवटी एका ओळीत सरळ सांगायचं की या कामावरचा एक पेपर जर्नलकडे पाठवलाय, त्यात मी चौथी लेखक आहे, आणि दुसऱ्याचं लिखाण चालू आहे. एवढं लिहिलं की कोणी खोटं म्हणू शकत नाही आणि मेहनत पण दिसते. शिवाय 15 पैकी 3 कामं सगळ्यात महत्त्वाची म्हणून निवडता येतात, त्यांना वरून आणखी 1325 अक्षरं मिळतात, लॅब त्यात घेतली तर बरीच जागा होते. पोस्टरचा रकाना वेगळा आहे, तिथे ते खुशाल टाका, युनिव्हर्सिटीतलं असलं तरी चालतं, फक्त युनिव्हर्सिटीतलं आहे हे लपवू नका.

आणि हो, प्रत्येक कामापुढे ओळखणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन किंवा ईमेल द्यावा लागतो. म्हणजे तिथे पीआयच येणार. त्यांना उद्या कोणी विचारलं तर ते जे सांगतील तेच अर्जात पाहिजे.

विदर्भ_एक्स्प्रेस:
पुतण्याला एवढं झोडू नका हो, तो त्याच्या जागी बरोबर आहे. मी पण नागपूरहून रेसिडेन्सीसाठीच आलो. आमचा रेसिडेन्सीचा ऑनलाइन अर्ज असतो इरासवर, आणि तिथे न छापलेल्या पेपरसाठी वेगळा प्रकारच दिलेला असतो, त्यात सबमिटेड, अॅक्सेप्टेड, इन प्रेस असं स्टेटस निवडायचं. म्हणजे सबमिटेड टाकणं तिथे लबाडी नाही, फॉर्मच तसं विचारतो. पण 'लिहितोय' असा पर्याय तिथे पण नसतो बरं का, त्यामुळे तुमच्या लेकीचा दुसरा पेपर त्याच्या हिशोबानेही बसत नाही! अॅमकॅसचा पब्लिकेशन्सचा रकाना वाचणारा माणूस मात्र छापलेलंच आहे असं धरून चालतो.

आणि रेसिडेन्सीवाल्यांचे आकडे ऐकून घाबरू नका. रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या एनआरएमपीच्या रिपोर्टमध्ये पेपर, अॅबस्ट्रॅक्ट आणि प्रेझेंटेशन सगळं एकत्र मोजतात, एकाच कामाचं पोस्टर, अॅबस्ट्रॅक्ट आणि पेपर झाला की तीन. त्यामुळे तिकडे आकडा फुगतोच.

पण तपासत कोण बसतंय असं पुतण्या म्हणत असेल तर ते सोडा. गॅस्ट्रोच्या फेलोशिपला अर्ज केलेल्या डॉक्टरांचे पेपर खरंच आहेत का हे शोधून बघणारा अभ्यास 1995 मध्येच अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आलाय आणि त्यात भलतंच निघालं, नसलेले पेपर, नसलेली जर्नल्स. त्या काळी लायब्ररीत जाऊन शोधायला लागायचं, आता पबमेडवर (मेडिकल पेपरांची ऑनलाइन यादी) नाव टाकलं की मिनिटात कळतं.

लॅबवाला_काका:
मी गेली बरीच वर्षं लॅबमध्येच आहे, डॉक्टर नाही. माझ्या बाजूचं सांगतो जे वर कोणी बोललं नाही. हा पेपर एकट्या तुमच्या लेकीचा नाही. अर्जात लिहायच्या आधी पीआयला विचारायला सांगा, काय लिहू, किती लिहू. न छापलेला निकाल 700 अक्षरांत कोणी उघड करून टाकला की पीआय चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं. कोणत्या जर्नलला पाठवलाय ते पण लिहू नका, उद्या तिथून नकार आला तर अर्जात तेच नाव राहतं. आणि नकार येतोच बहुतेक वेळा, आम्हाला सवय आहे.

दुसरं म्हणजे "तुझं नाव दुसरं घालू" याच्यावर फार विसंबू नका. लिखाण पूर्ण होईपर्यंत नावांची रांग रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी हलत असते, कोणीतरी पोस्टडॉक शेवटच्या टप्प्यात चार प्रयोग करतो आणि वर जातो. म्हणून त्या पेपरात नंबर लिहूच नका, फक्त लिखाण चालू आहे एवढंच. चौथा नंबर लिहायला हरकत नाही कारण तो पेपर त्याच क्रमाने गेलाय. पण ती खरंच लेखक आहे ना हे बघा. आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नलच्या संपादकांची समिती) लेखक कोणाला म्हणायचं याचे जे नियम आहेत त्यात नुसतं काम करून भागत नाही, मसुद्यात हातभार पाहिजे, शेवटच्या मसुद्याला संमती पाहिजे आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी पाहिजे. तिने तो मसुदा पूर्ण वाचलाय का? इंटरव्ह्यूत कोणीतरी बेसिक सायन्सवाला समोर बसला तर तो पेपर बाजूला ठेवून विचारेल की तुमचा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला गट) काय होता. तिथे त त प प झालं की चौथा नंबर काय आणि पहिला काय.

अजून एक, पीआयना प्रीप्रिंटचं (जर्नलच्या रिव्ह्यूआधीच पेपर ऑनलाइन टाकणं) विचारून बघा. झीब्राफिशचं काम म्हणजे बायोआर्काइव्ह ही साइट, ती 2013 पासून आहे, माणसांवरचं काम असेल तर 2019 पासून मेडआर्काइव्ह आहे. तिथे टाकलं की डीओआय (पेपरचा कायमचा ओळख नंबर) मिळतो, कोणीही उघडून वाचू शकतं. काही पीआयना आवडत नाही, त्यांनी नको म्हटलं तर विषय सोडून द्या.

पेट्रीडिश:
काकांशी सहमत, आणि प्रीप्रिंट झालाच तर मी तो पब्लिकेशन्समध्ये टाकला असता, पण समोर ठळक प्रीप्रिंट लिहून. माझ्याच वर्गातले काही जण म्हणतात तो पण रिसर्चमध्येच लिहायचा. यात दोन्हीकडून बोलणारे भेटतील.

कट्ट्यावरचा:
फक्त एक, घाईघाईत "पंधरा दिवसांत छापून देतो, फी भरा" वाल्या जर्नलच्या नादी लागू नका. असले ईमेल मला रोज येतात. त्यापेक्षा न छापलेलं बरं.

एडिसनकरीण:
सगळ्यांचे खूप आभार, लेकीला हे सगळं वाचून दाखवलं, मसुदा तिने वाचलाय म्हणते, एक आकृती तिचीच आहे. काकांनी सांगितलं तसं ती सोमवारी पीआयना विचारणार आहे. अजून एक शंका, समजा अर्ज जूनमध्ये गेला आणि पेपर ऑगस्टमध्ये अॅक्सेप्ट झाला तर? म्हणून अर्जच थांबवायचा का?

पेट्रीडिश:
अजिबात थांबवू नका! बऱ्याच ठिकाणी रोलिंग असतं, म्हणजे अर्ज येतील तसे बघत जातात, उशिराचा तोटा एका चौथ्या नंबरच्या पेपरपेक्षा मोठा. अर्ज गेला की कामांचा भाग बदलता येत नाही हे खरं, पण सेकंडरी अर्जात (अॅमकॅसनंतर प्रत्येक स्कूलचा वेगळा अर्ज) बहुतेक कुठेतरी सांगायला जागा सापडते, आणि नंतर स्कूलला अपडेटचं पत्र किंवा त्यांच्या पोर्टलवर टाकता येतं. काही स्कूल्स आम्हाला काही पाठवू नका असं स्पष्ट लिहितात, तिथे गप्प बसायचं. पीआय शिफारसपत्र देणारच असतील तर पेपरचं त्यांनाच त्यात लिहू दे, त्यांच्या शब्दाला जास्त वजन. आणि अर्जात प्रत्येक कामाचे तास लिहिताना पोस्टर बनवायचे तास रिसर्चमध्ये एकदाच धरा, दोन्हीकडे नको.