मदत हवी आहे: सामूहिक बेभानपण आणि एकटेपणा यांवरची चित्रं

नमस्कार मंडळी. परवा नदीपात्रात ढोलपथकाचा सराव बघत उभी होते. टिपरू पडलं आणि सगळे जणू एकच अंग झाले. बोटांवरच्या चिकटपट्ट्या लाल झाल्या तरी कुणी थांबेना. सराव संपताच मात्र जो तो मोबाईलमध्ये मान घालून आपापल्या गाडीकडे.

यावर चित्रमालिका करायची आहे. जिव्या सोमा म्हशे यांच्या वारली चित्रांतला तारपा नाच बघतेय, तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती वेटोळं घालणारा. आणि फ्रेंच चित्रकार मातिसचं १९१० चं ‘नृत्य’. पाचजणींचं कडं, पण पुढच्या दोघींचे हात सुटलेले! मला तो सुटलेला हातच छळतोय.

अंगात येणं, गोंधळ, पोतराज यांवर काम केलेले चित्रकार सुचवाल का? आणि वारली चित्रं पुण्यात जवळून कुठे पाहता येतील?